दूरच्या वजनकाट्याशी बोलणारा नोडचा कोड: टेस्ट कशा लिहाव्यात

मी ज्या प्रोग्रॅमची देखभाल करते तो साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांशी जोडलेला असतो. काट्याच्या खोलीतला संगणक टीसीपी (नेटवर्कवरून बाइट क्रमाने पोचवण्याची पद्धत) कनेक्शनवर ओळीमागून ओळ पाठवतो: गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, भरलेलं वजन. आमचा नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) लिहिलेला क्लायंट, म्हणजे काट्याच्या संगणकाला जोडून घेणारा प्रोग्रॅम, ती ओळ वाचतो, पोच देतो आणि नोंद करतो. गाळप हंगामात काट्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते, राउटर बंद पडतो, कुणाचा तरी पाय केबलला लागतो. एक ओळ गहाळ झाली तर ती कुणाची तरी अख्खी खेप असते. म्हणून या कोडच्या टेस्टबाबत मी कुणालाही सूट देत नाही, आणि आमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

बहुतेक जण पहिली टेस्ट लिहितात ती सगळं सुरळीत चालतं त्या दिवसाची: कनेक्ट झालं, ओळ आली, पोच गेली. ती लिहाच, पण तिथे थांबू नका. दूरच्या कनेक्शनचा कोड खऱ्या अर्थाने कामाला येतो तो कनेक्शन तुटताना. टेस्टचा मोठा वाटा त्या तुटण्यावर खर्च झाला पाहिजे, आणि ते तुटणं नशिबावर न सोडता आपल्या हातात असलं पाहिजे.

आधी खोटी हिरवी टेस्ट ओळखा

असिंक्रोनस, म्हणजे उत्तरासाठी न अडता पुढे जाणाऱ्या, कोडची टेस्ट फेल होण्यापेक्षा खोटी पास होण्याचा धोका मोठा आहे. टेस्टचं फंक्शन एखादं प्रॉमिस (नंतर मिळणारा निकाल) सुरू करतं, 'अवेट' (त्या निकालासाठी थांब) लिहायचं राहतं, फंक्शन संपतं आणि रनर, म्हणजे टेस्ट चालवणारं साधन, 'पास' म्हणून मोकळा होतो. तपासणी नंतर कधीतरी होते, किंवा होतच नाही. तपासणीसाठीच्या 'असर्ट' मॉड्यूलमधलं 'रिजेक्ट्स' (प्रॉमिस रिजेक्ट होतं का, म्हणजे अपयशी ठरतं का, ते पाहणारं) इथे सर्वांत जास्त फसवतं, कारण ते स्वतःच प्रॉमिस परत देतं. त्याच्यापुढे 'अवेट' नसेल तर त्या ओळीला टेस्टमध्ये काहीच वजन नाही.

यावर मी दोन गोष्टी करायला लावते. नवी टेस्ट हिरवी, म्हणजे पास, झाली की मुख्य कोडमधली संबंधित ओळ मुद्दाम बिघडवायची आणि टेस्ट लाल, म्हणजे फेल, होते का ते डोळ्यांनी पाहायचं. लाल झाली नाही तर ती टेस्ट नव्हेच. दुसरं, नोडच्या स्वतःच्या टेस्ट रनरमध्ये 'प्लॅन' आहे. हा रनर नोड १८ मध्ये आला आणि २० मध्ये स्थिर झाला. टेस्टच्या संदर्भ-ऑब्जेक्टवर किती तपासण्या होणार ते आधी सांगायचं. तेवढ्या झाल्या नाहीत तर टेस्ट फेल. मात्र तपासण्या त्याच ऑब्जेक्टवरच्या 'असर्ट'मधून करा, वेगळ्या आयात केलेल्या 'असर्ट'मधून केलेल्या तो मोजत नाही. कॉलबॅकच्या आत तपासणी असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

टेस्टला वेळेची मर्यादाही घाला. मोका या दुसऱ्या रनरमध्ये ती न सांगता २ सेकंद असते, जेस्ट या तिसऱ्यामध्ये ५ सेकंद. नोडच्या रनरमध्ये मात्र मर्यादाच नसते, म्हणजे अडकलेली टेस्ट अडकूनच राहते. आम्ही प्रत्येक टेस्टला २००० मिलिसेकंद देतो. ही मर्यादा फक्त सुटकेसाठी आहे, टेस्टचं काम तिच्यावर बेतायचं नाही.

सर्व्हर खरा ठेवा, पण आपल्या ताब्यात

नोडच्या नेटवर्कसाठीच्या 'नेट' मॉड्यूलची नक्कल करून खोटं सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बनवायचा मोह होतो. मी त्याच्या विरोधात आहे. साध्या इव्हेंट एमिटरवर (घटना कळवणाऱ्या ऑब्जेक्टवर) बेतलेलं खोटं सॉकेट 'कनेक्ट' किंवा 'डेटा' तिथल्या तिथे, त्याच दमात पाठवतं. खरं सॉकेट ते नंतर पाठवतं, इव्हेंट लूपच्या, म्हणजे नोडच्या कामं एकेक करून उरकणाऱ्या चक्राच्या, पुढच्या फेरीत. या क्रमाच्या फरकातच आपले निम्मे बग लपलेले असतात आणि नक्कल नेमका तोच फरक पुसून टाकते. एचटीटीपीवर फक्त आलेल्या उत्तराचं काय करायचं एवढंच तपासायचं असेल तर नॉक किंवा उंडिचीचा मॉकएजंट ही खोटी उत्तरं देणारी साधनं वापरायला माझी हरकत नाही. सॉकेटच्या पातळीवर मात्र खरा सर्व्हरच हवा, आणि तो टेस्टच्याच प्रोसेसमध्ये चार ओळींत उभा राहतो.

'क्रिएटसर्व्हर'ने सर्व्हर बनवा आणि 'लिसन' करताना पोर्ट म्हणून ० द्या. ऑपरेटिंग सिस्टिम एक मोकळा पोर्ट देते. 'लिसनिंग' इव्हेंट आल्यावर सर्व्हरच्या 'अ‍ॅड्रेस'मधून तो नंबर घ्या आणि क्लायंटला द्या. ठरावीक पोर्ट लिहू नका. नोडचा रनर प्रत्येक टेस्ट फाइल वेगळ्या प्रोसेसमध्ये आणि एकाच वेळी अनेक फाइली चालवतो. दोन फाइलींनी एकच पोर्ट मागितला की एक 'ईअ‍ॅड्रइनयूज' म्हणून, म्हणजे पोर्ट आधीच वापरात आहे अशी एरर देऊन, कोसळते.

पत्ताही स्पष्ट द्या, दोन्हीकडे १२७.०.०.१. 'लोकलहोस्ट' लिहिलं की काय होईल ते नोडच्या आवृत्तीवर आणि मशीनवर अवलंबून राहतं. नोड १७ पासून नावाचे पत्ते सिस्टिम ज्या क्रमाने देते त्याच क्रमाने वापरले जातात, त्यामुळे 'लोकलहोस्ट'चा अर्थ आधी आयपीव्ही६ असा लागू शकतो आणि तुमचा सर्व्हर आयपीव्ही४ वर बसलेला असतो. नोड २० पासून दोन्ही पत्ते आजमावले जातात, पण मग दोन्ही फसल्यावर हाती येणारी एरर अनेक एररचं गाठोडं असते. "ताई, माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य मी या एका कारणाने खूपदा ऐकलं आहे.

वेळेची नको, इव्हेंटची वाट पाहा

'अर्धा सेकंद थांब, मग तपास' अशा टेस्ट मी सरळ परत पाठवते. तुमच्या लॅपटॉपवर अर्धा सेकंद भरपूर असतो. सीआयच्या (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) गर्दीतल्या मशीनवर कधी तो पुरत नाही, आणि अशा ४० टेस्ट झाल्या की २० सेकंद नुसते थांबण्यात जातात.

'इव्हेंट्स' मॉड्यूलमधलं 'वन्स' इव्हेंटचं प्रॉमिस करून देतं आणि मध्येच 'एरर' इव्हेंट आला तर ते प्रॉमिस रिजेक्टही करतं. त्याला 'अबॉर्टसिग्नल'चा टाइमआउट जोडता येतो, म्हणजे अमुक वेळात इव्हेंट आला नाही तर ते प्रॉमिस रिजेक्ट होतं आणि टेस्ट अडकून राहत नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: 'वन्स' मागचं काही सांगत नाही. इव्हेंट होऊन गेल्यावर तुम्ही वाट पाहायला बसलात तर बसूनच राहाल. म्हणून आधी प्रॉमिस बनवून एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग ती घटना घडवणारी क्रिया करा, आणि शेवटी 'अवेट' करा. दोन इव्हेंट लागोपाठ येणार असतील तर दोन्हींची प्रॉमिस आधीच बनवा आणि 'प्रॉमिस डॉट ऑल'ने एकत्र थांबा. पहिल्यासाठी थांबून मग दुसऱ्यासाठी 'वन्स' लिहिलं तर तोवर दुसरा निघून गेलेला असतो.

ओळ कुठेही तुटू शकते

या भागावर सर्वांत जास्त वेळ द्या अशी माझी विनंती आहे, कारण मराठी मजकूर पाठवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमचा हा प्रश्न आहे.

टीसीपीला निरोप कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे माहीत नसतं. त्याला फक्त बाइटचा प्रवाह माहीत असतो. समोरच्याने एकदा लिहिलेलं तुमच्याकडे दोन 'डेटा' इव्हेंटमध्ये येऊ शकतं, किंवा तीन ओळी एकाच इव्हेंटमध्ये. स्वतःच्या मशीनवर छोटी ओळ जवळजवळ नेहमी एकसंध येते, म्हणून टेस्ट पास होत राहते आणि कोड कारखान्यावर जाऊन तुटतो.

आता यात देवनागरी घ्या. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा. 'ज्ञानेश्वर' या नावात अशी १० चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट, आणि ओळ संपवणारा एक धरून ३१. ही ओळ दोन तुकड्यांत येणार असेल तर ती तुटू शकेल अशा जागा ३०. त्यातल्या २० जागा एखाद्या चिन्हाच्या मधोमध पडतात. तुमच्या कोडने प्रत्येक तुकड्याचं वेगवेगळं स्ट्रिंग करून जोडलं, म्हणजे स्ट्रिंगला 'डेटा'चा बफर (कच्चे बाइट) अधिक चिन्हाने चिकटवला, तर त्या वीसही वेळा नावात काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. इंग्रजी अक्षरांत नाव घालून लिहिलेल्या टेस्टला हे कधीही दिसणार नाही, कारण तिथे प्रत्येक अक्षर एकाच बाइटचं असतं. टेस्टमधली नावं मराठीतच ठेवा.

दुरुस्ती सोपी आहे: सॉकेटवर 'सेटएन्कोडिंग' करून यूटीएफ-८ सांगा, म्हणजे नोड अर्धं राहिलेलं चिन्ह पुढच्या तुकड्यापर्यंत सांभाळून ठेवतो, किंवा बफर जमवत जा आणि पूर्ण ओळ मिळाल्यावरच स्ट्रिंग करा. आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण ओळीची लांबी बाइटमध्ये मोजायची असते.

टेस्टसाठी ओळी वेगळ्या करणारा कोड सॉकेटपासून सोडवून स्वतंत्र ठेवा: तुकडे आत घ्यायचे, पूर्ण ओळी बाहेर द्यायच्या, नेटवर्कशी संबंध नाही. मग एक लूप लिहा जो १ ते ३० या प्रत्येक जागी ओळ कापतो, दोन तुकडे देतो आणि दर वेळी तेच नाव बाहेर येतं का ते पाहतो. ही टेस्ट क्षणात चालते, कधी लाल कधी हिरवी असं करत नाही, आणि तिच्या तपासणीतून एकही जागा सुटत नाही. त्याच धर्तीवर आणखी लिहा: एकेक बाइट सुटा येतो, तीन ओळी एकत्र येतात आणि चौथी अर्धी, ओळीच्या शेवटी दोन नियंत्रण-चिन्हं असतात आणि कापणी नेमकी त्या दोघांमध्ये होते. सिरियल पोर्टवरून आलेली बहुतेक जुनी यंत्रं अशी दोन चिन्हं पाठवतात. आणि एक टेस्ट अशी, जिथे ओळ कधी संपतच नाही. जमा झालेलं एका मर्यादेपलीकडे गेलं की कोडने एरर दिली पाहिजे, मेमरी भरत बसता कामा नये.

एवढं झाल्यावर खऱ्या सॉकेटवर अशी एकच टेस्ट पुरते. सर्व्हरने अर्धी ओळ लिहायची, ती क्लायंटच्या सॉकेटवर 'डेटा' म्हणून पोचल्याची 'वन्स'ने खात्री करायची, मग उरलेली लिहायची.

कनेक्शन कसं कसं तुटतं

नकार. समोर कुणी ऐकतच नाही. सर्व्हर ० वर सुरू करा, पोर्ट लिहून ठेवा, सर्व्हर बंद करा, मग त्या पोर्टवर क्लायंट पाठवा. 'ईकॉनरिफ्यूज्ड' यायला हवं. तपासणी एररच्या 'कोड'वर करा, संदेशाच्या मजकुरावर नको. मजकुरात पत्ता आणि पोर्ट असतो आणि तो आवृत्तीगणिक बदलतो.

नाव सापडत नाही. यासाठी टेस्टने इंटरनेटवर जाऊ नये. 'नेट'च्या 'कनेक्ट'ला 'लुकअप' (नावावरून पत्ता शोधणारं फंक्शन) नावाचा पर्याय देता येतो. तिथे आपलं फंक्शन द्या आणि 'ईनॉटफाउंड' कोडची एरर परत करा.

सभ्यपणे पण अर्धवट बंद. सर्व्हर अर्धी ओळ लिहून 'एंड' करतो. माझ्या मते ही या संपूर्ण यादीतली सर्वांत मोलाची टेस्ट आहे. इथे क्लायंटला 'एरर' इव्हेंट येतच नाही, फक्त 'एंड' आणि मग 'क्लोज' येतो. ज्या कोडने 'डेटा'वर प्रॉमिस पुरं करायचं आणि 'एरर'वर रिजेक्ट करायचं एवढंच लिहिलं आहे, तो इथे कायमचा लटकतो. एरर नाही, लॉग नाही, फक्त पोच कधीच जात नाही. 'क्लोज' आल्यावर अपुरी राहिलेली प्रत्येक विनंती रिजेक्ट झालीच पाहिजे.

झटक्याने तोडणं. समोरचा प्रोसेस कोसळतो तेव्हा बऱ्याचदा आरएसटी (कनेक्शन तिथल्या तिथे मोडणारं) पॅकेट येतं. पूर्वी हे मुद्दाम घडवणं कठीण होतं, नोड १८.३ पासून सॉकेटवर 'रीसेटअँडडिस्ट्रॉय' आहे. सर्व्हरच्या बाजूने ते बोलवा, क्लायंटला 'ईकॉनरीसेट' मिळतं.

शांतता. लाइट गेली किंवा केबल निघाली तर समोरून निरोपाचं काहीच येत नाही. टीसीपीला स्वतःहून कळत नाही. लिनक्सवर कीप-अलाइव्ह (समोरचा अजून आहे का याची अधूनमधून चौकशी) चालू असलं तरी पहिली चौकशी मूळ सेटिंगमध्ये ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. टेस्टमध्ये याची सर्वांत जवळची आवृत्ती म्हणजे कनेक्शन घेणारा, एक ओळ पाठवणारा आणि मग गप्प बसणारा सर्व्हर. क्लायंटने ठरलेल्या वेळात हार मानली पाहिजे. इथे लक्ष द्या: सॉकेटचं 'सेटटाइमआउट' फक्त 'टाइमआउट' इव्हेंट पाठवतं, सॉकेट बंद करत नाही. ते 'डिस्ट्रॉय' आपणच करायचं. म्हणून टेस्टमध्ये दोन गोष्टी तपासा, प्रॉमिस रिजेक्ट झालं का आणि सर्व्हरच्या बाजूला 'क्लोज' पोचला का. सर्व्हरच्या त्या सॉकेटवर 'रिझ्यूम' बोलावून ठेवा, नाहीतर आलेलं कुणी वाचत नसल्याने 'एंड' उमटणार नाही आणि टेस्ट भलत्याच कारणाने अडकेल.

पुन्हा जोडण्याची वेळ

तुटल्यावर १ सेकंद, मग २, ४, ८ असं थांबत पुन्हा जोडायचं आणि थांबणं ३० सेकंदांच्या पुढे न्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. त्यात थोडा रँडम फरक घालतो, म्हणजे लाइट आल्यावर सगळे क्लायंट एकाच क्षणी धडकत नाहीत. हे तपासताना खरंच थांबायचं कारण नाही. पुन्हा जोडणाऱ्या फंक्शनला 'जोड', 'थांब' आणि 'रँडम' ही तीन फंक्शनं बाहेरून द्या. टेस्टमधलं 'थांब' किती वेळ मागितला ते एका अ‍ॅरेमध्ये लिहून लगेच परत येतं. शेवटी तो अ‍ॅरे अपेक्षेशी जुळवा. यात सॉकेट नाही, सर्व्हर नाही.

नोडच्या रनरमध्ये खोटे टायमर आहेत, सायनन या लायब्ररीमध्येही आहेत, आणि शुद्ध हिशेबाच्या कोडसाठी ते चांगले आहेत. खऱ्या सॉकेटसोबत मात्र वापरू नका. खोटं घड्याळ ५ सेकंद पुढे ढकललं तरी नेटवर्क पुढे जात नाही. शिवाय सॉकेटचं 'सेटटाइमआउट' नोडच्या आतल्या टायमरवर चालतं, त्याला हे खोटं घड्याळ दिसतच नाही. तिथे मर्यादा पर्याय म्हणून बाहेरून घ्या आणि टेस्टमध्ये ५० मिलिसेकंद द्या.

आवरून ठेवा

'टेस्ट झाल्या पण प्रोसेस संपत नाही' याचं कारण जवळजवळ नेहमी उघडं सॉकेट किंवा चालू टायमर असतं. सर्व्हरचं 'क्लोज' नवी कनेक्शनं घेणं थांबवतं, जुनी तोडत नाही. ती सुटेपर्यंत वाट पाहतं. एचटीटीपी सर्व्हरला नोड १८.२ पासून 'क्लोजऑलकनेक्शन्स' आहे. 'नेट'च्या साध्या सर्व्हरला नाही, म्हणून 'कनेक्शन' इव्हेंटवर प्रत्येक सॉकेट एका सेटमध्ये टाका आणि शेवटी सगळ्यांवर 'डिस्ट्रॉय' बोलवून मग 'क्लोज'साठी थांबा. हे 'आफ्टर' हुकमध्ये ठेवा आणि तो हुक सर्व्हर सुरू झाल्याबरोबर नोंदवा. तपासणीनंतरच्या ओळीत आवराआवर लिहिली तर टेस्ट फेल झाल्यावर ती ओळ येतच नाही, आणि एका टेस्टची घाण पुढच्या टेस्टमध्ये जाते.

मोका ४ पासून, म्हणजे २०१७ पासून, प्रोसेस जबरदस्तीने संपवत नाही. त्यावर 'एक्झिट'चा पर्याय घालून विषय मिटवणारे दिसतात. कृपया तसं करू नका. जे सॉकेट टेस्टमध्ये उघडं राहतं तेच कारखान्यावरही राहतं. 'प्रोसेस'वर 'गेटअ‍ॅक्टिव्हरिसोर्सेसइन्फो' आहे, ते छापून पाहा. टीसीपी सॉकेट, टीसीपी सर्व्हर की टायमर, काय जिवंत आहे त्याची यादी मिळते आणि शोध तिथून सुरू करता येतो.

सगळं झालं की टेस्ट फाइल शेलच्या लूपमध्ये २०० वेळा चालवा, आणि त्याच वेळी मशीनवर दुसरं जड काम सुरू ठेवा. एकदा जरी लाल झाली तरी कारण सापडेपर्यंत ती पुढे जाऊ देऊ नका. फेल झालेली टेस्ट पुन्हा चालवण्याची सोय काही रनरमध्ये असते. कनेक्शनच्या टेस्टसाठी ती आम्ही बंद ठेवतो, कारण दहातून एकदा येणारी ती लाल टेस्टच हंगामात रोज दिसणार असते.

खऱ्या काट्यासमोर चालवायचा भाग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तो सीआयमध्ये घालू नका. प्रत्येक नव्या बनावटीच्या यंत्राकडून एकदा आलेले बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये साठवा, ओळी वेगळ्या करणाऱ्या कोडच्या टेस्टमध्ये ती फाइल घाला, आणि वरचा कापणारा लूप तिच्यावरही चालवा.